डॉक्टरांच्या शेजारची खुर्ची

रमजानचा चाँद दिसायच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. आलेल्यांपैकी बहुतेकांना ताप, खोकला असं काहीच नसतं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या आणि ओठांवर एकच प्रश्न असतो, "डॉक्टरसाहेब, यातली सहरीला कोणती आणि इफ्तारला कोणती?" अशीच दुसरी गर्दी आषाढीच्या आधी होते. तेव्हा पिशव्या दुसऱ्या लोकांच्या असतात, प्रश्न मात्र तोच. "एकादशी आहे, साखरेची गोळी घेऊ की नको? साबुदाणा चालेल का?" पंढरपुरात दवाखाना चालवायचा तर डॉक्टरला दोन पंचांगं सांभाळावी लागतात. दोन्ही चंद्रावरच चालतात, म्हणून बरं.

डॉक्टरांनी नाव छापू नका असं बजावलं आहे, म्हणून मी त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणतो. त्यांच्या टेबलाच्या उजव्या हाताला एक लाकडी खुर्ची आहे. ती पेशंटची नाही आणि पेशंटसोबत आलेल्या माणसाचीही नाही. सुट्टीत गावी आलेली एमबीबीएसची मुलंमुली त्या खुर्चीवर बसतात. कुणी जुन्या पेशंटचा नातू, कुणी मागच्या गल्लीतली मुलगी. "सर, बसू का?" म्हणून विचारतात आणि बसतात. कुठल्या कॉलेजाने डॉक्टरांना हे काम दिलेलं नाही, त्याचं मानधन नाही, की सर्टिफिकेट नाही. तरी ती खुर्ची सुट्टीच्या दिवसांत सहसा रिकामी नसते.

आजचा लेख त्या खुर्चीबद्दल आहे, कारण माझ्या अम्मीचा जीव दोन वर्षांपूर्वी तिच्यामुळे वाचला असं मी मानतो.

अम्मीचं वय बहात्तर. मधुमेहाला वीस वर्षं होऊन गेली. दोन वर्षांपूर्वी तिला एका मोठ्या शहरातल्या मोठ्या तज्ज्ञांना दाखवलं होतं. त्यांनी फाईल चाळली, रिपोर्ट पाहिले आणि मान वर न करता सांगितलं, "रोजे बंद." अम्मीने मान डोलावली. आम्हाला वाटलं, विषय संपला. पण रमजान आला तशी ती पहाटे उठून आमच्यासोबत सहरीला बसू लागली. विचारलं तर म्हणायची, "तुमको चाय देने उठी मैं." रोजे ती धरत होती आणि गोळ्याही नेहमीच्याच वेळी घेत होती. नवव्या रोजाला जोहरच्या नमाजनंतर ती जानमाजवरच बसून राहिली. घामाने भिजलेली, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. बायकोने साखरेचं पाणी आणलं तर तिने ओठ घट्ट मिटून घेतले. रोजा तुटेल! मोठ्या मुश्किलीने पाणी पाजलं. घरातल्या मशीनवर साखर मोजली, ती ५२ भरली.

थोडी सावरल्यावर तिला डॉक्टरांकडे नेलं. त्या दिवशी खुर्चीवर तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी बसली होती. डॉक्टर पहिल्यांदा अम्मीला म्हणाले, "अम्मा, ही डॉक्टरकी शिकतेय. बसली तर चालेल ना? नको असेल तर बाहेर थांबेल." अम्मी म्हणाली, "बैठने दो ना, बच्ची है."

मुलीने फाईल वाचली. औषधांची नावं घडाघडा सांगितली. साखर एवढी खाली कशाने येऊ शकते, त्याची चार कारणं सांगितली. डॉक्टर म्हणाले, "हे सगळं पुस्तकात आहे. आता पुस्तकात नाही ते विचार." मुलगी जरा थांबली. मग म्हणाली, "आजी, पहाटे काय खाता?"

"चाय और पाव. उससे जास्ती उतरताइच नै."

"आणि गोळी?"

"चाय के साथ."

"असं घाम येऊन पडणं याआधी कधी झालं होतं?"

अम्मीने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "तीन बार." त्या मुलीला कळायला पाच मिनिटं लागली. मी एकाच घरात राहणारा तिचा मुलगा, कॉलेजात शिकवणारा माणूस, मला ते ठाऊक नव्हतं.

मग डॉक्टरांनी अम्मीला जे सांगितलं त्याचा अर्थ तज्ज्ञांच्या सल्ल्याइतकाच होता. अम्मा, या महिन्यात आता रोजा नको. सल्ला तोच, पण रस्ता वेगळा. त्यांनी तिला विचारलं, रोजा सोडताना मनाला काय लागतं? ती म्हणाली, "अल्लाह को क्या जवाब देऊं?" डॉक्टर म्हणाले, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारू. आणि तिच्यासमोरच त्यांनी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना फोन लावला. इमामसाहेबांनी तिला समजावलं की आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुरआनानेच सवलत दिली आहे. बरं झाल्यावर ते रोजे पुढे धरता येतात, आणि ज्याची तब्येत सुधारण्याची आशा नाही त्याने दर रोजामागे एका गरजूला जेवू घालायचं. त्याला फिदया म्हणतात. सवलत नाकारून जीव धोक्यात घालण्यात पुण्य नाही. अम्मीने दुपट्ट्याने डोळे पुसले. खुर्चीवरची मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती.

त्या मुलीने त्या दिवशी जे शिकलं ते मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात शिकता येत नाही, हे मला या लेखात सांगायचं आहे. वॉर्डातला पेशंट पलंगावर असतो. त्याचं स्वयंपाकघर, त्याची जानमाज किंवा देवघर, त्याची सून, त्याचा लपवण्याचा स्वभाव हे सगळं वॉर्डाच्या दाराबाहेर राहिलेलं असतं. तिथे त्याचा आजार दिसतो, आणि तो चांगलाच दिसतो. अवघड शस्त्रक्रिया, गंभीर रुग्ण, दुर्मीळ आजार हे तिथेच शिकायचे. पण बहात्तर वर्षांची बाई डॉक्टरांसमोर मान डोलावते आणि घरी जाऊन उलट वागते ते का, हे वॉर्डात कळत नाही. ते कळतं गल्लीतल्या दवाखान्यात, जिथे डॉक्टर तीन पिढ्यांना नावाने ओळखतो.

आणि रमजानमध्ये या ओळखीला फार किंमत असते. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न असो नसो, साखर खाली आणतच राहतात. त्या सहरीला नेहमीच्या मात्रेत घेतल्या तर दुपारी धोका. म्हणून ज्यांना डॉक्टर रोजे धरायला हरकत नाही म्हणतात, त्यांच्याही गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलावी लागते. बहुधा मोठा डोस इफ्तारकडे सरकतो आणि सहरीचा कमी होतो. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा त्याच क्षणी सोडायचा, मग सूर्य मावळायला दहा मिनिटं का उरली असेनात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. हे सगळं ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच करायचं आहे. पण पेशंटने विचारायला तर हवं, आणि डॉक्टरला ऐकून घेता यायला हवं. पहाटे पाव खाणाऱ्याला "त्यापेक्षा मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी, डाळ आणि दही खा, हळूहळू पचेल" असं सांगायला त्याच्या घरात काय शिजतं ते माहीत असावं लागतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. यंदाचं गणित मे महिन्याच्या उन्हात उपयोगी पडत नाही. ते दरवर्षी नव्याने मांडावं लागतं, आणि ते मांडणारा डॉक्टर आधी कुणाच्या तरी शेजारी बसून शिकलेला असावा लागतो.

शेजारी बसून शिकण्याची ही रीत नवी नाही. हजारएक वर्षांपूर्वी रै आणि बगदादच्या रुग्णालयांचे प्रमुख राहिलेले अल-राझी यांच्याबद्दल जुन्या ग्रंथात एक नोंद आहे. ते मध्ये बसत, त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांची वर्तुळं असत. आलेला रुग्ण आधी बाहेरच्या वर्तुळातल्या नवख्यांना आपली तक्रार सांगे. त्यांना जमलं नाही तर आतल्यांना. तिथेही जमलं नाही तर मग राझी स्वतः बोलत. म्हणजे रुग्ण आणि विद्यार्थी एकाच जागी, आणि उस्तादाचं बोलणं सगळ्यात शेवटी. याच राझींनी ज्याच्याजवळ वैद्य नाही अशा माणसासाठी एक पुस्तक लिहिलं, साध्या, सहज मिळणाऱ्या औषधांचं. उपचार करणं, शिकवणं आणि गरिबाची आठवण ठेवणं या तीन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या नाहीत.

आपल्या सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. १९३८ साली ते वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले. युद्धाच्या धामधुमीत जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ते तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवतही होते. १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. ते फॅमिली डॉक्टर नव्हते, पण पेशंट आणि विद्यार्थी दोघांना एकाच वेळी सांभाळणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही.

पुढे मात्र वैद्यकीय शिक्षण मोठ्या इमारतींत गेलं आणि गल्लीतला डॉक्टर त्यातून सुटला. १९६३ साली सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेच आजचं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालय. जिल्ह्याला त्याचा केवढा आधार आहे हे मी सांगायला नको. गंमत अशी की त्याच १९६३ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठाने जनरल प्रॅक्टिस, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरकी, या विषयाचं प्राध्यापकपद निर्माण केलं. जगातलं ते पहिलं, आणि त्यावर डॉ. रिचर्ड स्कॉट नेमले गेले. आज ब्रिटनमध्ये मेडिकलचा प्रत्येक विद्यार्थी शिकत असताना साध्या दवाखान्यांत काही काळ काढतो, आणि शिकवणाऱ्या दवाखान्याला त्याबद्दल पैसेही मिळतात. तिथे ती लाकडी खुर्ची अभ्यासक्रमात आली. आपल्याकडे ती अजून डॉक्टरांच्या चांगुलपणावर उभी आहे.

आपल्याकडे कुणाला हे सुचलंच नाही असं म्हणणं अन्याय होईल. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच सांगितलं होतं की डॉक्टरला समाज कळला पाहिजे, त्यासाठी शिक्षणात वेगळा वेळ द्या. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे प्रवेश घेतलेली मुलं आधी काही दिवस आश्रमात राहतात. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात आणि पुढे शिकत असताना त्या कुटुंबांकडे जाणं-येणं राहतं. तिथले प्राध्यापक डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची वर्गणी ज्वारीच्या रूपात घेण्याची योजना चालवली. शेतकऱ्याच्या घरात पैसा कधी नसतो आणि ज्वारी कधी असते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच असं सुचतं. आणि अशा शिक्षकाच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला पेशंटची ऐपत वेगळी शिकवावी लागत नाही.

२०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हीच कल्पना देशभर नेली. आता एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून तीन ते पाच कुटुंबं दत्तक घ्यायची आणि पुढची वर्षं त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचं असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण मी स्वतः शिक्षक आहे, चांगल्या नियमाचं जर्नल कसं होतं ते मला माहीत आहे. बस गावात जाते, मुलं उतरतात, उंची-वजन-रक्तदाब लिहून घेतात, फोटो काढतात, बस परत येते. घरातल्या माणसाला मुलाचं नाव कळत नाही आणि मुलाला घराचं दुःख. कारण त्या उंबऱ्यावर दोघांची ओळख करून देणारं तिसरं माणूस नसतं. ते तिसरं माणूस म्हणजे त्या घराचा फॅमिली डॉक्टर. दत्तक योजनेत त्याला जागा द्या, एवढीच माझी मागणी आहे.

यावर हरकती आहेत आणि त्या खोट्या नाहीत. पहिली वेळेची. सकाळी साठ पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरने शिकवायचं कधी? उत्तर हेच की शिकवण्याला वेळ लागतो आणि वेळेला किंमत असते. कॉलेजने त्याला मानधन द्यावं, मानद शिक्षक म्हणून नाव द्यावं. फुकटच्या चांगुलपणावर संस्था चालत नाहीत. दुसरी हरकत दर्जाची. प्रत्येक दवाखाना शिकण्यालायक नसतो. गरज नसताना सलाईन लावणारे, साध्या सर्दीला अँटिबायोटिक देणारे दवाखानेही आपल्या गावांत आहेत. म्हणून निवड हवी, आणि निवडलेल्यांनाही अधूनमधून कॉलेजने बोलावून अद्ययावत करायला हवं. त्यात डॉक्टरांचाही फायदा आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, "शेजारी पोरगं बसलं की मी कमी चुकतो. ते 'का?' विचारतं ना."

तिसरी हरकत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती पेशंटच्या अब्रूची आहे. बाईमाणसाला अनोळखी मुलासमोर तक्रार सांगायला संकोच वाटतो. छोट्या गावात तर ते पोर उद्या बाजारात भेटणार. म्हणून आमच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न मला मोलाचा वाटतो, "बसली तर चालेल ना?" आणि 'नको' म्हटलं तर खुर्ची खरोखर रिकामी व्हायला हवी. मुलांना शिकवायचा पहिला धडाही तोच असावा.

चौथी गोष्ट खुद्द विद्यार्थ्यांची. साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप आणि डोक्यावर पीजी प्रवेशाची टांगती तलवार. इंटर्नशिपमध्येही मुलं खिशात प्रश्नसंच घेऊन फिरतात. त्यांना दोष देऊन काय उपयोग? परीक्षा जे विचारते तेच मूल वाचतं. 'आजी, पहाटे काय खाता?' हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत येत नाही. निदान इंटर्नशिपचे काही आठवडे तरी अशा दवाखान्यात गेल्याशिवाय पूर्ण धरू नयेत.

आणि पंढरपूरसारखं गाव यासाठी शोधून सापडायचं नाही. इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, भोवती खेडी आहेत, वर्षात चार मोठ्या वाऱ्या आहेत. आषाढीला शेकडो मैल चालून आलेला वारकरी इथे पोचतो तेव्हा त्याच्या पायाला फोड असतात आणि गोळ्यांची पिशवी कधीकधी वाटेतच राहिलेली असते. रमजानच्या आधीचा पंधरवडा आणि आषाढीच्या आधीचा पंधरवडा, एवढे दोन पंधरवडे मेडिकलची काही मुलं गावातल्या निवडक फॅमिली डॉक्टरांच्या शेजारी बसली तर? एका मोसमात रोजा कळेल, दुसऱ्यात एकादशी. दोन्हीकडे भूक सारखीच असते आणि श्रद्धाही. पुढे ही मुलं मुंबईला जावोत की परदेशी, समोरचा पेशंट मान डोलावतोय म्हणजे त्याला पटलंच आहे, असं ती कधी समजणार नाहीत.

आपल्या बाजूनेही थोडं देणं लागतं. डॉक्टर घडताना तो कुणाच्या तरी शरीरावर आणि कुणाच्या तरी घरात शिकतोच. बहुतेक वेळा ते शरीर सरकारी दवाखान्यातल्या गरिबाचं असतं, आणि त्याला कुणी विचारत नाही. आपण सुशिक्षित, खाजगीत दाखवणारे लोक शिकाऊ डॉक्टर नको म्हणतो आणि मुरलेला डॉक्टर मात्र मागतो. तो मुरतो कुठे? रमजानमध्ये आपण जकात काढतो, फितरा देतो. विचारल्यावर "बैठने दो ना" म्हणणं, हाही मला एक सदकाच वाटतो. त्यात पैसा खर्च होत नाही, जरासा संकोच खर्च होतो.

अम्मी यंदाही रोजे धरत नाही. महिन्याचा फिदया तिने चाँद दिसायच्या आधीच मोजून ठेवला होता. सहरीला ती उठतेच, पण आता खरोखरच आमच्यासाठी चहा करायला. इफ्तारच्या वेळी सगळ्यांसोबत दस्तरखानावर बसते, खजूर हातात घेते आणि अजान होईपर्यंत तोंडात घालत नाही. तेवढा मान तिने आपल्यासाठी राखून ठेवला आहे.

ती मुलगी आता इंटर्न आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. "आजी, आज साखर किती?" अम्मी आकडा सांगत नाही. आधी विचारते, "तू खाना खाई क्या?" पलीकडून उत्तर आल्याशिवाय आकडा मिळत नाही.